वाटे कुणी पाडायचे?

स्वप्नाली मगदूम माझ्याकडे आली तेव्हा तिचे दोन वकील पाहून झाले होते. लग्नाची स्थळं पाहावीत तसे तिने वकील पाहिले आणि दोन्ही ठिकाणी नकार कळवला. पहिल्याने ती खुर्चीत नीट बसायच्या आतच सांगितलं होतं, "ताई, तुम्ही काळजीच करू नका, नवऱ्याला रस्त्यावर आणतो." तिला नवऱ्याला रस्त्यावर आणायचं नव्हतं. दुसऱ्याने तिचं बोलणं पुरतं ऐकलंही नाही. "समतोल यंत्रावर वाटणी करून या, सही करा, जेवायच्या वेळेपर्यंत मोकळ्या व्हाल," म्हणाला. "त्यात वकिलाचं काय काम?"

"मग माझ्याकडे कशाला आलात?" मी विचारलं.

"तुमच्या पाटीवर 'वेळ लागेल' असं लिहिलंय, म्हणून."

ते खरं आहे. मिरजेतल्या माझ्या ऑफिसबाहेर 'अ‍ॅड. शमीम मुजावर, कौटुंबिक वाद' अशी पाटी आहे आणि तिच्याखाली 'वेळ लागेल' हे शब्द मी एकदा चिडून रंगवून घेतले. दोघांचं भांडण आणि तिसऱ्याचा लाभ, ही म्हण आमच्या धंद्यासाठीच जन्मली असावी. पण समतोल आल्यापासून भांडणच उरलं नाही, तर लाभ कुठला? माझ्याबरोबरचे निम्मे वकील जमिनीच्या दाव्यांकडे वळले. मी हट्टाने इथेच बसले.

"भांडण काय आहे तुमचं?"

"भांडणच नाही हो मॅडम. तेच तर." ती थोडा वेळ स्वतःच्या बोटांकडे बघत राहिली. नखांच्या कडांना पांढरी पूड अडकलेली होती. "आमची दातांची लॅब आहे, सांगलीत, विश्रामबागला. कॅप, कवळ्या, सगळं करतो. मी दात करते, ते डॉक्टरांकडनं ऑर्डरी आणतात. मुलगी परदेशात. मागच्या वर्षी मला ताप आला. डॉक्टरांनी विचारलं, कुठं दुखतंय? तर उत्तर ह्यांनी दिलं. आणि बरोबर दिलं. मी पण तेच सांगितलं असतं. मला त्याचीच भीती वाटली."

मी तिचं वकीलपत्र घेतलं. असल्या भीतीला कायद्यात कलम नाही, पण ती खरी असते हे मला एवढ्या वर्षांत कळलेलं आहे.

समतोल काय आहे ते आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यामुळे झालं. समजा दोन भावंडांत एक पेरू आणि एक आंबा वाटायचा आहे. दोन्ही मधोमध कापले तर प्रत्येकाला निम्मं निम्मं. पण एकाला पेरूचं वेड आहे आणि दुसऱ्याला आंब्याचं, हे माहीत असेल तर अख्खा पेरू याला आणि अख्खा आंबा त्याला. कापाकापी नाही, आणि आपापल्या मापाने दोघांनाही निम्म्याहून कितीतरी जास्त. हे गणित जुनंच आहे. अडचण एवढीच होती की माणसं खरं सांगत नाहीत. पेरू हवा असला तरी आधी आंब्यावर हक्क सांगतात, म्हणजे तो सोडायच्या बदल्यात पेरू आणि वर चार बोरं उकळता येतात. आम्हा वकिलांचं अर्धं आयुष्य ही बोरं उकळण्यात गेलं.

मग ओढ मोजायची युक्ती सापडली. एखादी हवीशी गोष्ट समोर आली की आपण विचार करायच्या आत, डोळा मिटून उघडेपर्यंतच्या वेळात, डोळ्याची बाहुली मोठी होते, कातडीला बारीक ओल येते, नाडीची चाल बदलते. संशोधकांनी हजारो माणसांच्या मेंदूच्या चित्रांशी हे सगळं ताडून पाहिलं आणि ओढीला आकडा दिला. आता चष्म्यासारखी एक चौकट डोळ्यांवर चढवायची, मनगटाला पट्टा बांधायचा आणि समोरच्या पडद्यावर आपल्या संसारातल्या एकेका वस्तूचा फोटो बघत बसायचं. तोंड उघडायचं कामच नाही. दोघांच्या आकड्यांवरून यंत्र वाटणी करतं आणि कोर्ट ती सहसा जशीच्या तशी मान्य करतं. घराघरांतल्या मारामाऱ्या त्यामुळे थांबल्या, हे मी शत्रू असूनही कबूल करते.

मोजणीच्या दिवशी मी तिच्याबरोबर गेले. तिथेच सन्मती मगदूम पहिल्यांदा भेटला. उंच, मोठ्या आवाजाचा, दाराशी उभ्या असलेल्या अनोळखी माणसालाही 'काय म्हणताय' विचारणारा. वाईट माणूस शोधायची सवय असलेल्या माझ्या नजरेला त्याच्यात काही सापडेना. मी त्याला बजावलं, की मी तुमच्या बायकोची वकील आहे, तुम्ही तुमचा वेगळा सल्ला घ्या. "घेतो की," तो म्हणाला, "कोल्हापूरचा मित्र आहे वकील. पण आमच्यात तंटा नाही मॅडम." मग चहा मागवला. पोऱ्याने साखरेचं विचारल्यावर त्याने स्वतःचा कमी साखरेचा सांगितला, माझा मला विचारून सांगितला, आणि स्वप्नालीकडे न बघताच म्हणाला, "हिला काहीही चालतं."

तिला खरंच चालत होतं. तिने समोर आला तो चहा संपवला.

निकाल त्याच दिवशी हातात पडला. घर स्वप्नालीला. सोनं स्वप्नालीला. लॅब, तिची भट्टी, दात कोरायचं यंत्र, गिऱ्हाईक, सगळं सन्मतीला. कुपवाडचा प्लॉट आणि ठेवी वाटून. आणि जबाबदारी, म्हणजे सन्मतीची आई कांचनमाला, ही स्वप्नालीला. नव्या नियमांप्रमाणे दोघांनी मिळून सांभाळलेली माणसंही नोंदवावी लागतात. ज्याची ओढ जास्त त्याच्याकडे माणूस, असं ते तत्त्व. ऐकायला किती गोड! खाली निळ्या अक्षरांत लिहिलं होतं की या वाटणीत प्रत्येकाला आपापल्या मापाने चौसष्ट टक्के मिळत आहे.

"चांगलंच आहे की," स्वप्नाली म्हणाली.

"लॅब जातेय तुमची."

"त्यांची ओढ जास्त निघाली म्हणजे त्यांना जास्त पाहिजे असणार." तिने सहीसाठी पेन काढलंसुद्धा. "आणि आत्यांना मी कुठं टाकणार होते? त्यांचं सगळं मीच बघते." सासूला ती आत्या म्हणायची.

मी पेन काढून घेतलं. पाटीवर लिहिलंय ते उगाच नाही.

दोन दिवसांनी आत्या स्वतःच माझ्या ऑफिसात अवतरल्या. मागून स्वप्नाली धावत आली, हातात त्यांचा पाण्याचा थर्मास. ऐंशीच्या पुढची बाई, पण जिना चढून आल्यावर धापही नाही.

"वकीलबाई, तुमीच काय?" त्या खुर्चीत बसल्या. "मला म्हणं फ्रीजच्या खाली आन् स्कूटरच्या वर लिवलंय?"

"आत्या, तो नुसता क्रम असतो," स्वप्नाली म्हणाली.

"क्रमच इचारतोय मी. माझ्याआधी फ्रीज?" आणि मग माझ्याकडे वळून, "हिनं सही करायचं म्हनतीया. मी म्हटलं, बाई, रडल्याबिगर आई पण दूध पाजत न्हाई. हिनं जन्मात रडलंच न्हाई कुनाफुडं. भावाला हक्कसोड लिवून दिली, आन् घरी येऊन म्हनाली, बरं वाटलं. मी सासू, तरी मला राग आला!"

हक्कसोड म्हणजे काय ते आपल्याकडे सांगायला नको. माहेरच्या जमिनीतला वाटा बहिणीने सही करून भावाला सोडून द्यायचा, आणि त्याबदल्यात आयुष्यभर दिवाळीला साडी घ्यायची. मी स्वप्नालीकडे पाहिलं. ती थर्मासचं झाकण घट्ट आहे का ते बघत होती.

त्याच वेळी आत्या मनापासून हसल्या आणि मला त्यांचे दात दिसले. म्हाताऱ्या बाईच्या तोंडात शोभतील असेच दात. पांढरेशुभ्र नव्हेत, किंचित पिवळसर, समोरचा एक जरासा आत वळलेला. ती कवळी आहे हे मला स्वप्नालीने सांगेपर्यंत कळलं नाही. "मूळचा तो दात तसाच होता त्यांचा," ती म्हणाली. "सरळ केला असता तर हसल्यावर त्या दुसऱ्याच कुणीतरी वाटल्या असत्या."

ती हे सांगत असताना तिचा आवाज बदलला होता. मला तो पुन्हा ऐकायचा होता, म्हणून मी तिच्या लॅबमध्ये गेले.

तिथे यंत्रं सगळी नवी. रुग्णाच्या तोंडाचं चित्र दवाखान्यातून येतं, यंत्र दात कोरून देतं. पण कोरलेला दात म्हणजे खडूचा तुकडा. त्याला माणसाचा दात करायचा तो स्वप्नालीने. बारीक कुंचल्याने रंग चढवायचा, भट्टीत भाजायचा, बाहेर काढून उजेडात धरायचा, पुन्हा रंगवायचा. तिने एक दात माझ्यासमोर धरला. मुळाशी उबदार पिवळसर, मध्ये साधा, टोकाला काचेसारखी निळसर झाक. "ह्या शिक्षिका आहेत जतच्या," ती म्हणाली. "समोरचाच दात आहे. वर्गात पोरांसमोर हसायचंय त्यांना." आणि मग ती मला विसरली. दाताशी बोलायला लागली. "असा का रुसलायस? थांब, जरा इकडं बघ." मी अर्धा तास उभी होते, तिने बसा म्हटलं नाही. सगळ्यांचं बघणारी ही बाई तिथे माझं बघायचं विसरली, आणि मला फार बरं वाटलं.

"मोजणीत भट्टीचा फोटो आला तेव्हा काय वाटलं होतं?" मी शेवटी विचारलं.

"काय वाटायचंय? रोजचीच आहे की."

"आणि आत्यांचा?"

तिने कुंचला खाली ठेवला. "त्या फोटोत त्यांनी कवळी लावली नव्हती. मी घाबरलेच. पडली का कुठं, का झोपेत घशात गेली, असं काय काय मनात आलं."

मी तिथूनच मोजणी केंद्रावरच्या बाईंना फोन लावला. त्या सज्जन होत्या, त्यांनी लपवलं नाही. यंत्र मोजतं ती तीव्रता. ताटात आवडीचा पदार्थ आला तरी बाहुली मोठी होते, आणि गच्चीच्या कठड्यावर चढलेलं पोर दिसलं तरी ती तेवढीच मोठी होते. बहुतेकांच्या बाबतीत ओढ आणि काळजी यांची सरासरी जुळून जाते म्हणून कुणाचं लक्ष गेलं नाही. आणि रोज हाताखालून जाणाऱ्या गोष्टीला बाहुली हलतच नाही. स्वतःच्या घराचा वास आपल्याला येतो का?

म्हणजे स्वप्नाली ज्याच्यासाठी धास्तावते ते सगळं यंत्राने तिला दिलं होतं, आणि ती ज्यात जगते ते काढून घेतलं होतं. शिवाय खाली चौसष्ट टक्के लिहून ठेवलं होतं. मला इतका राग आला की मी रिक्षाला चुकीचा पत्ता सांगितला आणि ती बिनचालकाची रिक्षा मला इमानेइतबारे तिथे घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी तिला बोलावून मी सगळं समजावलं. हा मसुदा दोघांनी मिळून नाकारला तर दुसऱ्या कुठल्याही पद्धतीने वाटणी करता येते. "पुन्हा मोजणी करून उपयोग नाही," मी म्हटलं. "तुम्ही सांगा, तुम्हाला काय पाहिजे?"

ती गप्प बसली. असं गप्प बसणं मी पुष्कळ पाहिलं आहे, पण त्यात बहुतेक वेळा राग असतो. हिच्याकडे नुसता शोध चालला होता. शेवटी ती म्हणाली, "असं विचारलं की मला सुचतच नाही हो. आधी सगळ्यांचे चेहरे येतात डोळ्यांसमोर." मग एकदम, "आमच्याकडं भावकीत वाटणी कशी करत्यात, माहिताय? मोठ्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचं. वडलांची आणि काकांची तशीच झाली. पाडणारा मग चोख वाटे पाडतो, कारण उरेल ते त्याला घ्यावं लागतं."

गणितवाल्यांनी जे शोधून काढलं म्हणून टाळ्या घेतल्या ते आपल्या शेताच्या बांधावर कधीपासून चालू आहे, हे मला माहीत होतं. पण तिला ते सुचलं याचा मला आनंद झाला. सन्मतीला विचारलं. त्याने कोल्हापूरच्या मित्राला विचारलं आणि कळवलं, "चालतंय. तिलाच पाडू दे वाटे. मी उचलतो." कसली काळजी नव्हती त्याच्या आवाजात. स्वप्नालीने पाडलेले वाटे, म्हणजे त्याच्या सोयीचेच असणार.

आत्यांचा प्रश्न तिने आधीच मिटवला. "माणूस वाट्यात धरायचा नाही," ती म्हणाली. "त्यांना विचारायचं." विचारल्यावर आत्यांनी क्षणात सांगितलं, "मी लेकाकडं ऱ्हानार. त्यो माझा, त्याला कळू दे म्हातारी सांभाळायची म्हंजे काय असतंय. पन हिनं आठवड्याला यायचं. ते कायद्यात बसत नसंल तर कायदा तुमच्याजवळच ठेवा."

वाटे मात्र जुळेनात. स्वप्नालीने पहिल्यांदा आणले ते असे: इकडे घर आणि सोनं, तिकडे लॅब, प्लॉट आणि ठेवी.

"हा दुसरा त्यांना बरा पडेल," ती म्हणाली.

"त्यांना काय बरं पडेल ते त्यांचं ते बघतील. समजा त्यांनी दुसरा उचलला. तुम्हाला पहिला राहिला. चालेल?"

"चालेल."

"नीट विचार करून सांगा."

तिने पहिला वाटा पुन्हा वाचला. मग हळूच म्हणाली, "नाही." त्या शब्दाचं तिलाच नवल वाटलं असावं, कारण तिने तो पुन्हा एकदा म्हणून पाहिला.

त्यानंतर ती येत राहिली. दर वेळी लॅबच्या वाट्यातून काहीतरी काढून समोरच्या वाट्यात टाकायची. प्लॉट गेला. ठेवी गेल्या. गाडी गेली. तरी दोन्ही बाजू तिच्या मनात सारख्या होईनात. शेवटच्या खेपेला ती आली तेव्हा एका कागदावर सगळा संसार होता आणि दुसऱ्या कागदावर फक्त 'लॅब' एवढाच शब्द.

"मॅडम, एवढं सगळं तिकडं टाकलं," ती म्हणाली, "तरी मला हाच कागद पाहिजे." तिचे डोळे भरून आले होते. "मला एवढं काही पाहिजे असेल असं मला माहीतच नव्हतं."

मला तिचा हात धरावासा वाटला आणि मी तो धरला. पण मी वकील आहे, त्यामुळे पुढच्या क्षणी खडसावलंही. "हे वाटे चोख नाहीत. तुम्ही स्वतःला लुटून घेताय."

"पण त्यांना दुसरा वाटा इतका मोठा दिसेल, की ते तोच उचलतील. मग लॅब राहील ना मला?"

आता मला सगळं दिसलं. तिला काय पाहिजे ते तिला कळलं होतं, पण ते मागायच्या ऐवजी ती सगळा संसार मोजून ते विकत घेत होती. मागणं तेवढं टळावं म्हणून. मी तिला तसं स्पष्ट बोलून दाखवलं. तिने मान खाली घातली आणि म्हणाली, "असंच राहू दे." अशील ऐकत नाही म्हणजे नाही. कोर्ट हे मान्य करील की नाही याचीही मला शंका होती, पण सन्मतीला दुसऱ्या दिवशी बोलावलेलं होतं.

तो आला, स्वच्छ इस्त्रीचा शर्ट घालून. मी माझ्या टेबलाच्या दोन टोकांना दोन कागद मांडले आणि त्यांच्या पद्धतीप्रमाणे प्रत्येकावर एकेक सुपारी ठेवली. ज्या कागदावरची सुपारी उचलाल तो वाटा तुमचा. वकिलाच्या टेबलावर सुपारी दिसली की लोक भलताच अर्थ काढतात, म्हणून दार लावून घेतलं.

सन्मतीने पहिला कागद वाचला. मग दुसरा वाचला. पुन्हा पहिला वाचला.

"हे काय?" तो म्हणाला. "चुकलंय काय काही?"

"नाही," स्वप्नाली म्हणाली.

तो उभाच राहिला. त्याचा चेहरा हळूहळू लाल होत गेला. "म्हणजे घर मला, सोनं मला, प्लॉट मला, आणि तू त्या भट्टीसमोर बसून राहणार? लोक काय म्हणतील मला? आणि लोकांचं सोड, मला झोप येईल का?" त्याने 'लॅब' या शब्दावर बोट ठेवलं. "तू नेहमी असंच करतीस. शेवटची पोळी माझ्या ताटात. ह्या वेळी मी नाही ऐकणार." आणि आम्हा दोघींना काही कळायच्या आत त्याने हात लांब करून 'लॅब' या एकट्या शब्दावरची सुपारी उचलली. "घर, सोनं, सगळं तुझ्याकडं राहू दे. मी लॅब घेतो. छोटा वाटा मला."

मी आयुष्यात नवऱ्यांना लुबाडताना पाहिलंय, लपवताना पाहिलंय. चांगुलपणाने बायकोचा गळा कापणारा नवरा मी पहिल्यांदाच पाहत होते. आणि कायद्याने त्याची काही चूक नव्हती. वाटे तिने पाडले होते, उचलायचा हक्क त्याचा होता. मी तोंड उघडलं असतं तरी ते माझं बोलणं झालं असतं, तिचं नव्हे. मी खुर्चीचा हात घट्ट धरून बसून राहिले.

स्वप्नाली पांढरीफटक पडली होती. तिचे ओठ हलले. मला वाटलं ती आता म्हणणार, चालेल.

"ठेवा ते खाली," ती म्हणाली.

"अगं, तुझ्या भल्यासाठीच..."

"खाली ठेवा. लॅब मला पाहिजे."

"पण तू तर..."

"मला पाहिजे!" ती उभी राहिली. एवढा मोठा आवाज तिच्यात आहे हे माझ्याप्रमाणे त्यालाही ठाऊक नसावं. "दात मी करते. तिथं मी असते. तिथंच असते मी, दुसरीकडं कुठं नसतेच. घराला आग लागली तरी चालेल मला, पण लॅब पाहिजे. आणि छोटा वाटा म्हणून नाही. मला ती सगळ्यात जास्त पाहिजे, म्हणून पाहिजे!"

सन्मतीने सुपारी जपून परत ठेवली आणि खुर्चीत बसला. आता तो तिच्याकडे, खरोखर तिच्याकडे, बघत होता.

"मग हे आधी का नाही सांगितलंस?" त्याने विचारलं. त्यात टोमणा नव्हता.

"कुणी विचारलंच नाही. आणि मला पण आत्ताच कळलंय."

"मला पण पाहिजे होती लॅब," तो म्हणाला. "निम्मी गिऱ्हाइकं माझ्या तोंडावर आहेत."

"न्या की तोंड तुमचं. डॉक्टर तुमचे, दात माझे. ऑर्डरी आणायच्या असल्या तर आणा, कमिशन देईन. फुकट नाही घेणार."

"कमिशन? मी काय एजंट आहे?"

"मग काय आहात?"

मी दोन्ही कागद गुपचूप टेबलावरून काढून घेतले. ते वाटे तर मोडलेच होते. आता खुर्च्या समोरासमोर ओढून दोघं पहिल्यापासून बसली. घर सन्मतीने मागितलं, आत्या राहणार होत्या म्हणून. तिने ते दिलं, पण सोनं आपल्याकडे ठेवलं आणि सोडून दिलेल्या प्लॉटमधला अर्धा भाग परत मागितला. तो म्हणाला अर्धा जास्त होतो. ती म्हणाली होऊ दे. तो चिडला, तिनेही आवाज चढवला, मग सन्मतीला एकदम हसू आलं. "तुझ्याशी व्यवहार करणं अवघड आहे की गं," तो म्हणाला. त्यात कौतुक होतं, आणि जरासं दुःखही. तो घटस्फोट थांबला नाही, थांबायला नकोच होता. पण एकमेकांना ओळखत नसलेली ही दोन माणसं निदान ओळख करून घेऊन वेगळी होत होती.

माझ्या टॅबलेटवर समतोल चालू होतं. ते बोलणं ऐकतं, आणि करार बदलला की आपोआप नवे आकडे मांडतं. दर वाक्याला बिचारं खाली घसरत होतं. एकसष्ट, सत्तावन्न, त्रेपन्न. मग लाल अक्षरांत इशारा आला, की हा करार दोन्ही पक्षांसाठी कमी समाधानाचा आहे, फेरविचार करावा. मी समोरच्या दोघांकडे पाहिलं. स्वप्नालीचे गाल तापले होते, केस विस्कटले होते, आणि ती बोटं मोजत आपलं म्हणणं मांडत होती. न्यायाधीशांना काय सांगायचं ते मी बघून घेईन, असं म्हणून मी ते यंत्र बंद केलं.

चहा सांगितला. कुणाला किती साखर ते ज्याचं त्याने सांगितलं. तेवढ्यात स्वप्नालीला आठवलं की घरातला बिडाचा डोशाचा तवा कुठल्याच वाट्यात धरलेला नाही.

"तो मला पाहिजे," ती म्हणाली.

"अजिबात नाही," सन्मती म्हणाला. "तवा मी देणार नाही."

पाटीवर लिहिलेलंच आहे. मी पंखा वाढवला, आणि त्यांना भांडू दिलं.